व्हिक्टोरिया राणीच्या काळातली इंग्लंडची चांदीची नाणी जमवायची तर

तुमचा प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. तुम्ही गेल्या वर्षी नोकरीसाठी मँचेस्टरला आलात, रविवारच्या जुन्या बाजारात ३० पौंडाला एक चांदीचं नाणं घेतलं, घरी येऊन बघितलं तर त्याच्यावर साल कुठेच सापडेना, आणि आता नाद लागलाय. महिन्याला ६०-७० पौंड बाजूला काढून व्हिक्टोरियाच्या काळातली दुर्मिळ चांदीची नाणी जमवायची आहेत, तर सुरुवात कुठून करायची, दुर्मिळ नक्की कशाला म्हणायचं, खोटं कसं ओळखायचं आणि पुढे भारतात परत जाताना ती नेता येतील का, असं विचारलंय. मी वीस-बावीस वर्षं हेच करतोय, मुख्यतः शिलिंग आणि फ्लोरिन, त्यामुळे जे हाताखालून गेलंय त्यावरून सांगतो, जरा लांबेल.

आधी तुमचं नाणं. फोटोत दिसतोय तो गॉथिक फ्लोरिन आहे, म्हणजे दोन शिलिंगचं नाणं, आणि साल त्याच्यावर आहे, फक्त ते रोमन आकड्यांत आणि तेही जुन्या वळणदार लिपीत असल्यामुळे आपल्याला नक्षीच वाटते. राणीच्या भोवतीचा मजकूर संपतो तिथली शेवटची अक्षरं बघा, एम, डी, मग तीन वेळा सी, मग एल, दोन एक्स आणि तीन आय, म्हणजे १००० अधिक ५०० अधिक ३०० अधिक ५० अधिक २० अधिक ३, झाले १८७३. राणीच्या छातीवरच्या ब्रोचच्या खाली एक बारीक आकडा असेल, तो साल नाही, तो ठशाचा नंबर. १८६४ ते १८७९ या काळात लंडनच्या टांकसाळीने फ्लोरिन, शिलिंग आणि सिक्सपेन्सवर (सहा पेन्सचं, म्हणजे अर्ध्या शिलिंगचं नाणं) असे डाय नंबर, म्हणजे ठशाचे नंबर टाकले, ते लक्षात ठेवा, पुढे खोटं पकडायला फार उपयोगाचे आहेत. १८७३ हे काही दुर्मिळ साल नाही, पण नाणं देखणं आहे आणि सुरुवातीला हाच प्रकार हातात आला हे चांगलं झालं.

आता दुर्मिळ. नवीन माणूस दोन गोष्टींना दुर्मिळ समजतो, एक म्हणजे जुनं असणं आणि दुसरं म्हणजे मिंटेज, किती पाडली तो आकडा. दोन्हींवर विसंबून पैसे गेलेले मी पाहिलेत. १८५४ चा शिलिंग घ्या. टांकसाळीच्या हिशोबात त्या वर्षी साडेपाच लाखांच्या आसपास शिलिंग दाखवलेत, म्हणजे ढीगभर हवेत, आणि प्रत्यक्षात १८५४ चा बरा शिलिंग वर्षानुवर्षं दिसत नाही. १८५० च्या शिलिंगचंही तसंच, हिशोबात सहा लाखांवर, बाजारात जवळजवळ नाही. १८५४ चा फ्लोरिन आणि सिक्सपेन्सही त्याच पंक्तीतले. याचं एक कारण असं की वहीतला आकडा त्या वर्षी किती नाणी पाडली ते सांगतो, त्या नाण्यांवर कुठलं साल होतं ते सांगत नाही, मागच्या वर्षीचा ठसा धड असला तर टांकसाळ तोच पुढे चालवायची. याच्या उलट १८४७ चा गॉथिक क्राऊन (क्राऊन म्हणजे पाच शिलिंगचं मोठं नाणं), फक्त ८००० पाडले, पण ते इतके सुंदर होते की लोकांनी खर्च न करता मखमलीच्या डबीत ठेवून दिले, त्यामुळे आजही कुठल्याही मोठ्या लिलावात एखादा तरी असतोच, पैसे मात्र हजारो पौंडांत मोजावे लागतात कारण तो सगळ्यांनाच हवा असतो.

म्हणजे प्रश्न किती पाडली हा नसून किती उरली आणि कुठल्या अवस्थेत उरली हा आहे. उरायला अडचणी भरपूर होत्या. घासलेली नाणी टांकसाळ स्वतःच परत घेऊन आटवायची. १९२० साली ब्रिटिश नाण्यातली चांदी ९२.५ टक्क्यांवरून ५० टक्क्यांवर आणली, लगेच जुनी चांगल्या चांदीची नाणी बाजूला काढली जाऊ लागली. १९४७ पासून नाण्यात चांदीच राहिली नाही, आणि युद्धात अमेरिकेकडून घेतलेली चांदी परत करायची म्हणून सरकारने चालू चांदीची नाणी गोळा करून आटवली. मग १९८० च्या जानेवारीत चांदीचा भाव आकाशाला भिडला तेव्हा लोकांनी पोती भरभरून व्हिक्टोरिया मोडीच्या भावात विकली, त्यात काय काय गेलं असेल ते आठवलं की आजही पोटात तुटतं. एवढ्या सगळ्यातून वाचलेलं, आणि वाचून वर धारदार राहिलेलं नाणं, ते दुर्मिळ. १८४५ चा क्राऊन दीड लाखाच्या वर पाडला होता, घासलेला कुणाकडेही मिळेल, पण केसांच्या बटा सुट्या दिसतायत आणि मूळ चमक शिल्लक आहे असा मी इतक्या वर्षांत हातात धरला तो मोजून चार-पाच वेळा.

राणीची चेहरेपट्टी चार प्रकारची येते, एवढं पाठ असलं की बाजारात उभं राहून निम्मं काम होतं. पहिला तरुण चेहरा, यंग हेड, विल्यम वायनने कोरलेला, १८३८ पासून १८८७ पर्यंत चालला, सुरुवातीच्या काही नाण्यांवर मानेच्या कापावर त्याची डब्ल्यू डब्ल्यू ही आद्याक्षरं असतात, पुढच्या बऱ्याच नाण्यांवर नसतात. हाच वायन, ज्याने १८३७ साली लंडन शहरासाठी केलेल्या पदकावरचा चेहरा पेनी ब्लॅक या पहिल्या टपाल तिकिटावर आला, आणि आपल्याकडच्या १८४० च्या राणीछाप रुपयावरही हेच डब्ल्यू डब्ल्यू असतं. दुसरा गॉथिक, मुकुट घातलेला, नक्षीदार पोशाखातला, तो फक्त १८४७ च्या क्राऊनवर (१८५३ साली थोडे प्रूफ, म्हणजे खास चकचकीत नमुने काढले) आणि १८५१ ते १८८७ च्या फ्लोरिनवर. तिसरा जुबिली हेड, बोहम या शिल्पकाराचा, १८८७ ते १८९३, डोक्यावर एवढासा मुकुट, लोकांना तो अजिबात आवडला नव्हता. चौथा ओल्ड हेड, थॉमस ब्रॉकचा, बुरखा घेतलेली वयस्कर राणी, १८९३ ते १९०१. या चौथ्याच चेहऱ्याबरोबर पहिल्यांदा ब्रिटिश नाण्यावर हिंदुस्थानची सम्राज्ञी या अर्थाची इंड इम्प ही अक्षरं आली. पदवी १८७६ ची, आपल्या रुपयावर १८७७ पासून एम्प्रेस लिहिलं गेलं, आणि लंडनच्या नाण्यावर यायला १८९३ उजाडलं. मला ही अक्षरं बघून प्रत्येक वेळी काहीतरी होतं, कौतुक म्हणता येणार नाही, पण बोट तिथे थांबतं.

फ्लोरिनची गोष्ट जरा सविस्तर सांगतो कारण तुमची सुरुवात तिथूनच झालीय. तेव्हा पौंडाचे २० शिलिंग आणि शिलिंगचे १२ पेन्स, हिशोब किचकट, म्हणून दशमान पद्धत आणायचा पहिला प्रयोग म्हणून १८४९ साली पौंडाचा दहावा भाग असलेलं हे नाणं काढलं, मागच्या बाजूला तसं लिहिलेलंही आहे. पण पुढच्या बाजूला फक्त व्हिक्टोरिया रेजिना आणि साल, देवाच्या कृपेने राणी आणि धर्मरक्षक या अर्थाची नेहमीची अक्षरं गाळलेली. त्यावर केवढा गदारोळ झाला, लोकांनी त्याला देव नसलेला फ्लोरिन म्हणजे गॉडलेस फ्लोरिन असं नाव ठेवलं, त्या वर्षी कॉलरा पसरला होता त्याचाही दोष काहींनी नाण्याला दिला, टांकसाळीचा प्रमुख रिचर्ड शील आयरिश कॅथलिक असल्यामुळे त्याच्यावरही बोट दाखवलं गेलं. आपल्याकडच्या १८४० च्या रुपयावर व्हिक्टोरिया क्वीन एवढंच होतं, देवाचं नाव तिथेही नव्हतं, पण तो रुपया इंग्लंडमधल्या दुकानात चालायचा नव्हता. हा गॉडलेस फ्लोरिन चार लाखांवर निघाला, आठवण म्हणून ठेवलाही गेला, त्यामुळे तुमच्या बजेटमध्ये दोन-तीन महिने साठवून बऱ्यापैकी अवस्थेतला मिळू शकतो, माझ्या मते पहिलं ठरवून घ्यायचं नाणं हेच. त्यानंतर १८५१ चा गॉथिक, तो फक्त १५४० पाडला, तो आपल्यासारख्यांनी म्युझियममध्येच बघायचा. आणि दशमान पद्धत प्रत्यक्षात आली ती १५ फेब्रुवारी १९७१ ला, याच फ्लोरिनच्या मापाचं दहा पेन्स त्याआधी १९६८ लाच आलं होतं, आणि जुने फ्लोरिन १९९३ पर्यंत त्याच्या जागी चालत राहिले.

आणखी एक जुळणी बघा, ती मला फार महत्त्वाची वाटते. राणीछाप रुपया म्हणजे एक तोळा, ११.६६ ग्रॅम, शुद्ध चांदी साधारण १०.७ ग्रॅम. फ्लोरिन ११.३१ ग्रॅम, शुद्ध चांदी साधारण १०.५. जवळजवळ सारखीच चांदी, आणि १८७० पर्यंत भावही जवळजवळ तोच, रुपयाला दोन शिलिंगच्या आसपास. पुढे जगभर चांदी पडली, लंडनचा फ्लोरिन सोन्याच्या पौंडाला बांधलेला असल्यामुळे दोन शिलिंगच राहिला, आणि तेवढ्याच चांदीचा आपला रुपया १८९० नंतर सव्वा शिलिंगच्याही खाली आला. दोन नाणी शेजारी शेजारी ठेवली की हा सगळा इतिहास तळहातावर येतो, म्हणून मी माझ्या ट्रेमध्ये १८६२ चा रुपया आणि त्याच सालचा गॉथिक फ्लोरिन एकाच ओळीत ठेवलेत. (१८६२ चा फ्लोरिन मिळायला मला सहा वर्षं लागली, १८६२ आणि १८६३ दोन्ही सालं अवघड आहेत.)

कमी पैशात दुर्मिळ मिळवायचं तर डोळा तयार करावा लागतो, कारण अशी काही नाणी आहेत जी विकणाऱ्याला स्वतःलाच ओळखू येत नाहीत. १८९३ चा सिक्सपेन्स बहुतेक सगळा बुरखेवाल्या चेहऱ्याचा, पण त्याच सालचे थोडे जुबिली चेहऱ्याचे निघाले, ते खरे दुर्मिळ, तीन पेन्सचंही तसंच. १८८९ च्या शिलिंगवर राणीचं डोकं मोठं केलं, पण काही आधीच्या छोट्या डोक्याचे त्याच सालात निघाले, छोट्या डोक्याचा दिसला तर सोडू नका. डबल फ्लोरिन म्हणजे चार शिलिंगचं नाणं १८८७ ते १८९० एवढंच चाललं, कारण ते क्राऊनच्या इतकं जवळचं दिसायचं की दारूच्या गुत्त्यात पाच शिलिंग समजून सुटे परत दिले जायचे. त्यातल्या १८८८ आणि १८८९ च्या काही नाण्यांवर व्हिक्टोरिया या शब्दातल्या दुसऱ्या आय च्या जागी उलटा एकचा आकडा ठोकलेला सापडतो, डब्यातली दहा नाणी भिंगाखाली घातली तर एखादं निघू शकतं.

याच्या उलट एक सापळा पण सांगून ठेवतो. १८८७ चा ढालीचा सिक्सपेन्स. तो सोन्याच्या अर्ध्या सॉव्हरिनच्या (सॉव्हरिन म्हणजे एक पौंडाचं सोन्याचं नाणं) मापाचा आणि मागची बाजूही तशीच, लोकांनी त्यावर सोन्याचं पाणी चढवून सहा पेन्सचं नाणं दहा शिलिंगला खपवायला सुरुवात केली, तेव्हा सरकारने घाईने नक्षी बदलून तिथे सरळ सिक्स पेन्स असं लिहिलं. गोष्ट झकास आहे आणि मागे घेतलेलं नाणं असं ऐकवून विकणारे वाटेल तो भाव सांगतात, पण लोकांनी ते ढिगाने जपून ठेवलं, स्वस्त आणि चांगल्या अवस्थेत कुठेही मिळतं, जास्त देऊ नका.

ग्रोट म्हणजे चार पेन्सचं चिमुकलं नाणं मला वैयक्तिक आवडतं. १८३६ साली जोसेफ ह्यूम या खासदाराने आग्रह धरून ते काढायला लावलं म्हणून लोक त्याला जोई म्हणायचे. हा ह्यूम तरुणपणी कंपनी सरकारच्या सैन्यात सर्जन होता आणि १८०३ च्या इंग्रज-मराठा युद्धाच्या तोंडावर भिजलेली बंदुकीची दारू वाळवायची युक्ती काढून त्याने वरिष्ठांची मर्जी मिळवली होती. चलनातल्या ग्रोटवर बसलेली ब्रिटानिया असते, आणि राजघराण्याने दान म्हणून वाटायच्या मॉन्डी सेटमधल्या चार पेन्सवर मुकुटाखाली चारचा आकडा असतो, दोन्हींत गल्लत करू नका.

आता खोट्याकडे येऊ. सगळ्यात आधी ०.०१ ग्रॅमपर्यंत मोजणारा छोटा काटा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या, पहिलं नाणं घ्यायच्या आधी. वजनं पाठ करायची गरज नाही, १८१६ पासून एका ट्रॉय पौंड चांदीत ६६ शिलिंग असा नियम होता, म्हणजे शिलिंग ५.६५ ग्रॅम, आणि बाकी सगळं त्याच हिशोबात, सिक्सपेन्स २.८३, फ्लोरिन ११.३१, हाफ क्राऊन १४.१४, डबल फ्लोरिन २२.६२, क्राऊन २८.२८. घासून थोडं कमी भरेल, जास्त मात्र भरता कामा नये. मग घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा, नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडेल पण तळाला टेकणार नाही असं धरा, जो आकडा येईल त्याने नाण्याच्या वजनाला भागा, उत्तर १०.३ च्या आसपास यायला हवं. ११.३१ ग्रॅमचा फ्लोरिन असला तर काटा १.०९ च्या जवळपास दाखवतो. ९ च्या खाली आलं तर चांदी नाही, सोडून द्या. आपल्याकडे नाणं दगडावर आपटून खणखणीत वाजतं का बद्द वाजतं ते बघायची जुनी पद्धत आहे, ती चांगल्या नाण्यावर कृपा करून वापरू नका, कडेला पडलेला एक ठोका निम्मी किंमत घालवतो.

सालावरून पण खोटं पकडता येतं. हाफ क्राऊन १८५१ ते १८७३ या काळात चलनासाठी पाडलेच नव्हते, फ्लोरिन रुळावा म्हणून थांबवले होते, त्यामुळे कुणी १८६१ किंवा १८६८ चा घासलेला हाफ क्राऊन दाखवला तर तो त्याच काळातल्या नकली नाणी करणाऱ्याचा माल आहे. तो सुद्धा काही जण हौसेने जमवतात, पण खऱ्याच्या भावात घेऊ नये. साल बदललेली नाणी जास्त धोक्याची. माझ्या तिसऱ्या-चौथ्या वर्षी मी एका जत्रेतल्या टेबलावरून १८५४ चा शिलिंग घेतला, ९० पौंडाला, त्या सालाला हा भाव फारच कमी होता आणि तिथेच मला शंका यायला हवी होती. घरी भिंगाखाली बघितलं तर पाचाचा आकडा शेजारच्या आकड्यांपेक्षा वेगळ्या वळणाचा, आणि सालाच्या वर, पानांच्या माळेखाली, खरवडलेल्या जागेत एका आकड्याचा अर्धा पाय अजून दिसत होता. तो डाय नंबर होता. डाय नंबर १८६४ च्या आधी नव्हतेच, म्हणजे तो १८६४ चा साधा शिलिंग, सहाचा पाच केलेला. विकणारा परत कधी दिसला नाही. तेव्हापासून १८५४ म्हटलं की माझी नजर आधी सालाच्या वर जाते, १८५० म्हटलं की शेवटच्या शून्याच्या आतल्या कडेवर, कारण तिथे सहा किंवा नऊ खरवडून शून्य केलेलं असू शकतं.

क्राऊन घेताना कडा बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. १८९३ ते १९०० च्या क्राऊनच्या कडेवर लॅटिन मजकूर आणि राज्याचं कितवं वर्ष ते रोमन आकड्यात असतं. राणी २० जून १८३७ ला गादीवर आली त्यामुळे दर वर्षी जूनमध्ये तो आकडा बदलतो आणि एका सालाचे दोन प्रकार होतात, १८९३ वर ५६ पण येतं आणि ५७ पण, त्यातलं ५७ कमी सापडतं. १८८७ ते १८९२ च्या जुबिली क्राऊनला मात्र साधे दाते. हल्ली बाहेरून ओतीव किंवा दाबून केलेले खोटे क्राऊन ढिगाने येतात, अगदी १८८९ सारख्या स्वस्त सालाचे सुद्धा, आणि बहुतेक वेळा ते कडेवरच फसतात, अक्षरं किंवा दाते फुगीर, अंतरं चुकलेली, नाहीतर कडेभर एक बारीक सांध्याची रेघ. कडेचं दुसरं महत्त्व म्हणजे डाग, म्हणजे कडी डाख देऊन जोडल्याची खूण. त्या काळी लोक क्राऊन आणि फ्लोरिनला कडी लावून ब्रोच करायचे, वर मीनाकाम पण करायचे, नंतर कुणीतरी ती कडी काढून घासून साफ करतं आणि नाणं चांगलं म्हणून विकतं. बारा वाजताच्या आणि सहा वाजताच्या जागी कडा बोटाने चाचपा, डागाची जागा गुळगुळीत लागते. असं नाणं नुसतं बघायला घ्यायचं असेल तर घ्या, पण चांगल्याच्या चौथाई भावात.

अवस्था म्हणजे ग्रेड. इथे फाइन, व्हेरी फाइन, एक्स्ट्रीमली फाइन, अनसर्क्युलेटेड असं चालतं आणि ब्रिटिश ग्रेडिंग अमेरिकन ग्रेडिंगपेक्षा कडक असतं, परदेशी विक्रेत्याचं वर्णन वाचताना एक पायरी खाली धरा. यंग हेडला झीज आधी कानाच्या वरच्या केसांवर आणि भुवईवर दिसते, गॉथिकला कानाखालून जाणाऱ्या वेणीवर आणि मुकुटावर, ओल्ड हेडला बुरख्याच्या घड्यांवर. नाणं एका दिव्याखाली हळू फिरवा, मूळ चमक शिल्लक असेल तर चाकाच्या आऱ्यांसारखा उजेड गोल फिरतो, धुतलेल्या नाण्यावर तो फिरत नाही, सगळीकडे एकसारखं मेलेलं पांढरं दिसतं. तुमच्या बजेटमध्ये वर्षाला दहा फाइन नाणी घेता येतील किंवा तीन चांगली एक्स्ट्रीमली फाइन. मी तीन घ्या म्हणेन. घासलेली दहा विकायला गेलात तर मोडीच्या भावाच्या थोडं वर मिळेल, चांगल्या तिनाला मागणी कायम असते. गुंतवणूक म्हणून विचाराल तर खरेदी-विक्रीतला फरकच इतका असतो की दहा वर्षांच्या आत हिशोब करू नका.

स्वच्छ करू नका. अजिबात नाही. हे मी सगळ्यांना सांगतो आणि तरी माझ्याच घरी घडलं. २०११ साली मी सांगलीला आईकडे १८४४ चा क्राऊन ठेवून आलो होतो, निळसर जांभळी झाक आलेला, दीडशे वर्षांत तयार झालेली. दिवाळीत लक्ष्मीपूजनाला घरातली सगळी चांदी बाहेर निघाली तेव्हा आईने समया, ताम्हन, करंड्याबरोबर तोही टूथपेस्ट लावून लख्ख केला आणि फोनवर आनंदाने सांगितलं की तुझं काळं पडलेलं नाणं बघ कसं नवं दिसतंय. तिला काय बोलणार, तिने प्रेमानेच केलं होतं. नाण्यावर हजारो बारीक रेघा पडल्या, त्या कधी जाणार नाहीत. आई आता नाही, आणि तो क्राऊन मी विकायला कधीच काढणार नाही. पण तुम्ही घरी नाणी ठेवणार असाल तर डबीवर मराठीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुसू नये, आणि घरच्यांना कारणही सांगा. काळपटपणा म्हणजे चांदी आणि गंधकाचा पातळ थर, तो नाण्याचा भाग आहे. नाण्यावर चिकटपणा किंवा प्लॅस्टिकचा हिरवा लेप असेल तर फक्त शुद्ध असिटोनमध्ये बुडवून काढायचं, चोळायचं नाही, नेलपॉलिश काढायचं द्रावण चालत नाही. मऊ पीव्हीसीची पाकिटं टाळा, तो हिरवा लेप त्यातूनच येतो. रबरबँड, लोकरीचं कापड, वर्तमानपत्राचा कागद नाण्याजवळ नको, गंधक तिथूनही येतं.

घ्यायचं कुठे? सुरुवातीला ब्रिटिश न्युमिस्मॅटिक ट्रेड असोसिएशनच्या सभासद दुकानदाराकडून, बिलावर साल, प्रकार आणि ग्रेड लिहून घेऊन. ऑनलाइन लिलावात दोन्ही बाजू आणि कडा असे तीन फोटो मिळाले नाहीत तर बोली लावायची नाही. लिलावघरात हातोड्याच्या भावावर साधारण २० टक्के किंवा जास्त प्रीमियम आणि प्रीमियमवर व्हॅट लागतो, तो आधी धरून वरची मर्यादा कागदावर लिहा आणि तिथेच थांबा. आणि पैसे खर्च करायच्या आधी ब्रिटिश म्युझियमच्या ६८ नंबरच्या दालनात एक सकाळ घालवा, किंवा ऑक्सफर्डला अ‍ॅशमोलियनमध्ये जा, चांगलं नाणं कसं दिसतं ते डोळ्यात बसलं की बाजारातलं वाईट नाणं आपोआप खटकायला लागतं.

भारतात न्यायचं म्हणाल तर नेताना सगळी बिलं आणि फोटोंसकट यादी बरोबर ठेवा आणि विमानतळावर दडवू नका, कर काय लागेल ते निघायच्या आधी कस्टमला लेखी विचारून घ्या. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, १९७२ च्या पुरावस्तू कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं भारतात पुरावस्तू ठरतं आणि ते खासगी माणसाला बाहेर नेता येत नाही. म्हणजे तिकडे नेलेली नाणी पुढे परत इंग्लंडला आणून विकू असा बेत असेल तर तो करू नका, जी विकायची शक्यता आहे ती इकडेच ठेवा. आणि याच कायद्यामुळे आजीच्या पेटीतले राणीछाप रुपये कौतुकाने इकडे आणायला जाऊ नका.

तुमच्या १८७३ च्या फ्लोरिनचं वजन करून सांगा, ११ च्या वर भरला तर काळजी नाही, आणि ब्रोचखालचा डाय नंबर वाचता आला तर तोही लिहा. कडेचा एक फोटो दिवसा खिडकीजवळ काढून टाका, वरच्या बाजूला मला एक सपाट जागा वाटतेय, ती डागाची आहे की नुसता ठोका लागलाय ते त्यावरून कळेल.